तेंदूपानाचा धनी कोण?

(सडक अर्जुनी येथे कार्यकर्त्यांपुढे केलेले भाषण)



तुमच्या गावाच्या नावातच सडक आहे. त्या मुंबई–कोलकाता मार्गावरून या भागातील जंगलाचा माल वर्षानुवर्षे बाहेर गेला. त्याचा भाव मात्र तो गोळा करणाऱ्याने ठरविला नाही. तेंदूचेच पाहा. ऐन उन्हाळ्यात गोंड-हलबा कुटुंबे भल्या पहाटे रानात शिरतात, घरी परतून ७० पानांचे एकेक पुडके बांधतात आणि सायंकाळी फळीवर मोजून देतात. अशी १,००० पुडकी भरली की एक प्रमाण गोणी होते, म्हणजे ७०,००० पाने. १९६९ च्या राज्य कायद्याने या व्यापारावर शासनाची मक्तेदारी आली, ठेकेदाराने बोली लावली, आणि तोडणारा मजूरच राहिला.

२००६ च्या वनहक्क कायद्याने हा संबंध उलटविला. तेंदू, मोह, बांबू या ‘गौण’ वनोपजांची मालकी व विक्रीचा अधिकार वननिवासींचा ठरला. (‘गौण’ हा शब्द योजणाऱ्याने मोहफुलांवर दिवस काढणारे घर पाहिले नसावे.) गोंदिया जिल्हा पाचव्या अनुसूचीत नाही, शेजारच्या गडचिरोलीला मिळणारा १९९६ च्या पेसा कायद्याचा आधार येथे नाही. म्हणून सामूहिक वनहक्काचा दावा हेच येथील ग्रामसभांचे मुख्य शस्त्र होय. तीन पिढ्या, म्हणजे ७५ वर्षे, जंगलावर जगलेल्या बिगर-आदिवासींनाही तो हक्क आहे. त्यांना वगळून दावा करणे न्यायाचे नाही, शहाणपणाचेही नाही.

परंतु कागद हाती आला म्हणजे हक्क आला, असे कोणी मानू नये. मेंढा (लेखा) गावाला २००९ मध्ये सुमारे १,८०० हेक्टर जंगलाचा हक्क मिळाला. तरी स्वतःचा बांबू बाहेर नेण्याच्या परवान्यासाठी एप्रिल २०११ उजाडावा लागला. २०१३ पासून गोंदिया-गडचिरोलीतील काही ग्रामसभांनी एकत्र येऊन तेंदूची विक्री स्वतः केली. एकट्या गावाला ठेकेदार खेळवतो. दहा गावे एका मेजावर बसली की त्याला हिशेब मांडावा लागतो.

त्याच २०१३ साली नवेगाव-नागझिरा व्याघ्र प्रकल्प झाला. वाघाशी आमचे भांडण नाही. ग्रामसभेच्या माहितीपूर्ण, लेखी संमतीवाचून गाव हलविता येत नाही, एवढेच कायद्याचे म्हणणे आहे, आणि ते प्रत्येक वस्तीत वाचून दाखविले पाहिजे.

वनहक्काच्या सभेला निम्मे सभासद आणि उपस्थितांत एक-तृतीयांश स्त्रिया हव्यात. पाने तोडतात त्या स्त्रियाच. तेव्हा सभेची वेळ त्यांना विचारून ठरवा, आणि बँकेचे पासबुक सर्वांसमोर मोठ्याने वाचा.