चाकांतील हवा आणि फलकावरील आंकडा



अलीकडच्या अनेक मोटारगाड्यांत चारी चाकांतील हवेचा दाब चालकासमोरच्या फलकावर आंकड्यांनीं दाखविण्याची सोय असते. पुढें ३३ आणि ३४, मागें ३२ आणि ३३ असे आंकडे तेथें झळकतात, आणि ते पाहून प्रवासास निघालेलें कुटुंब निश्चिंत होतें. पण पेट्रोल-पंपावर दाबमापक लावावा, तों त्याच चाकांत निराळा आंकडा निघतो. मग खरें कोणाचें मानावयाचें, पंपवाल्याचें कीं गाडीचें? कित्येकजण गाडीच्या बाजूनें निकाल देऊन मोकळे होतात. परंतु आंकडा स्वच्छ दिसतो म्हणून तो अचूक असतोच, असें नाहीं. या आंकड्यावर कोठें विसंबावें आणि कोठें विसंबूं नये, एवढाच विचार आज करावयाचा आहे.

प्रथम ही सोय कशासाठीं निघाली तें पाहूं. अमेरिकेंत फोर्ड कंपनीच्या एक्स्प्लोरर गाड्यांना बसविलेल्या फायरस्टोन टायरांचें वरचें आवरण धावतांना सुटूं लागलें, गाड्या उलटल्या आणि माणसें प्राणांस मुकलीं. ऑगस्ट २००० मध्यें सुमारें ६५ लक्ष टायर परत मागविण्यांत आले आणि त्याच वर्षीं तेथें झालेल्या कायद्यानें, हवा कमी होतांच इशारा देणारें यंत्र गाड्यांत असावें असें ठरलें. पुढें युरोपांतही २०१४ च्या नोव्हेंबरपासून नव्या गाड्यांना तें आवश्यक झालें. आपल्याकडे २०२० च्या नियमदुरुस्तीनें, हें यंत्र आणि पंक्चर-दुरुस्तीचें साहित्य असलेल्या साडेतीन टनांपर्यंतच्या वाहनांस, कांहीं अटींवर, जादा चाक न बाळगण्याची मुभा मिळाली.

अमेरिकन नियमाची मागणी मात्र ध्यानांत ठेवण्याजोगी आहे. नेमून दिलेल्या दाबापेक्षां हवा २५ टक्क्यांनीं कमी झाली, तर वीस मिनिटांच्या आंत दिवा लागला पाहिजे, असें तो नियम सांगतो. म्हणजे ३३ पौंड दाब नेमलेला असेल, तर हवा पंचविसाच्या खालीं जाईपर्यंत दिवा न लागला तरी यंत्र निर्दोषच ठरतें. नियमानें मागितला तो रात्रीचा राखणदार. सोनाराचा कांटा नव्हे.

आतां यंत्राची रचना पाहूं. एका प्रकारांत चाकाच्या आंत एक लहानसा सेन्सर, म्हणजे संवेदक, बसविलेला असतो. त्यांतील सिलिकॉनचा पातळ पडदा हवेच्या दाबानें किंचित वांकतो, त्या वांकण्याचा विद्युत्संकेत होतो आणि तो रेडिओ-लहरींनीं गाडीकडे जातो. दुसऱ्या प्रकारांत दाब मुळीं मोजलाच जात नाहीं. ज्या चाकांतील हवा कमी होते त्याची त्रिज्या किंचित घटते आणि इतरांच्या मानानें तें अधिक फेरे घेतें, त्यावरून यंत्र अनुमान करतें. अशा गाड्यांत बहुधा आंकडा नसतो, दिवाच असतो. चारी चाकांतील हवा सारखीच झिरपत गेली, तर साध्या यंत्रास फरक उमगत नाहीं. शिवाय हवा भरल्यावर त्यास नव्यानें प्रमाण घालून द्यावें लागतें. तें चुकीच्या दाबावर घालून दिलें, तर पुढें तीच चूक प्रमाण ठरते.

पहिल्या प्रकारांतील संवेदकाच्या मापांतही साधारणपणें एकदोन पौंडांचा फरक संभवतो. त्यांत फलक आंकडा जवळच्या पूर्णांकावर आणून दाखवितो. 'बार' या मापानें एक दशांशापर्यंत दाब दाखविणाऱ्या गाडींत तर एका दशांशाचा अर्थच जवळजवळ दीड पौंड होतो. गाडी उभी असतां बॅटरी वांचविण्यासाठीं संवेदक बहुतेक निद्रिस्त असतो. म्हणून कित्येक गाड्यांत निघतांना दिसणारा आंकडा मागील प्रवासाचा असतो. पंपावरचा दाबमापकही दिवसभर हातोहात फिरतो, जमिनीवर आपटतो; त्यासही प्रमाण मानण्याचें कारण नाहीं.

पण कधीं कधीं दोन्ही साधनें निर्दोष असूनही त्यांचें एकमत होत नाहीं. मुंबईंत ३० अंश सेल्सिअस उष्णता असतां आपण ३३ पौंड हवा भरली आणि सुमारें १,३५० मीटर उंचीवरील महाबळेश्वरीं गेलों, असें समजूं. रात्रभर गाडी उभी राहिली आणि सकाळीं उष्णतामान १८ अंश आहे. थंडीनें चाकांतील हवेचा दाब सुमारें दोन पौंडांनीं उतरला. पण उंचीमुळें बाहेरील वातावरणाचा दाबही जवळजवळ तितकाच उतरला. साधा दाबमापक आंतल्या व बाहेरच्या दाबांतील अंतर मोजतो, म्हणून तो पुन्हा ३३ च दाखवील. संवेदक मात्र चाकांतील संपूर्ण दाब मोजतो. ज्या गाडींत त्यांतून समुद्रसपाटीवरील वातावरणाचा ठराविक दाब वजा करण्याची योजना असते, ती ३१ दाखवील. यांत खोटें कोणीच बोलत नाहीं. दोघांनीं निरनिराळ्या प्रश्नांचीं उत्तरें दिलेलीं असतात.

याहून घातक गैरसमज उष्णतेचा आहे. नेमून दिलेला दाब हा थंड चाकाचा दाब असतो. सकाळीं २५ अंशांवर ३३ पौंड हवा भरून आपण समृद्धी महामार्गावर निघालों आणि दुपारपर्यंत टायरांतील हवा ५५ अंशांपर्यंत तापली, तर फलकावर जवळजवळ ३८ दिसतील. हा आंकडा चुकीचा नाहीं. वायूच्या नियमानुसार तितकाच तो यावयास पाहिजे. नायट्रोजन भरला तरी तोही तापून असाच फुगतो. पण चालक घाबरतो, पंपावर थांबतो आणि हवा सोडून आंकडा ३३ वर आणतो. दुसऱ्या दिवशीं सकाळीं गार झालेल्या त्या चाकांत साडेअठ्ठावीसच पौंड उरतात.

पुढचा भाग अधिक चिंतेचा आहे. हवा कमी झालेला टायर प्रत्येक फेऱ्यास अधिक दबतो. दबण्या-उठण्यानें त्याच्या बाजू अधिक तापतात आणि भरलेल्या गाडीच्या ओझ्याखालीं, मोठ्या वेगांत, तो फुटण्याचा संभव वाढतो. म्हणजे टायर फुटूं नये म्हणून केलेला उपायच टायर फुटण्यास साह्य करतो. आणि राखणदार गप्प असतो. कारण साडेअठ्ठावीस म्हणजे नेमलेल्या दाबापेक्षां सुमारें १३ टक्केच कमी, पंचवीस टक्के नव्हेत.

तेव्हां करावें काय? एक चांगला दाबमापक घरीं असावा. महिन्यांतून एकदां आणि लांबच्या प्रवासापूर्वीं, गाडी निदान तीन तास उभी राहिल्यावर, सावलींत चारी चाकें तपासावीं आणि दाराच्या चौकटीजवळील पट्टीवर छापलेल्या आंकड्याशीं ताडून पाहावीं. टायरच्या बाजूवर कोरलेला आंकडा कमाल मर्यादेचा असतो. तो भरावयाचा नसतो. मग गाडी थोडी चालवून फलकावरचे आंकडे पाहावे आणि दोहोंतील अंतर टिपून ठेवावें. नेहमीं पांच मिनिटें पुढें असणारें घड्याळ निरुपयोगी नसतें. तें किती पुढें आहे एवढें ठाऊक असलें म्हणजे झालें. गाडीचा आंकडा दाबमापकापेक्षां नित्य दोन पौंडांनीं कमी असेल, तर काळजीचें कारण नाहीं. परंतु चौघांपैकीं एकच चाक दर आठवड्यास इतरांच्या मागें पडूं लागलें, तर हवा कोठून तरी झिरपते आहे, आणि तें सांगण्यांत हें यंत्र माणसाच्या डोळ्यापेक्षां फार तरबेज आहे. आंकडा झपाट्यानें उतरूं लागला, तर वाद न घालतां गाडी सावकाश बाजूस घ्यावी.

दिव्याची भाषाही दोन प्रकारची असते. तो स्थिर लागला, तर हवा कमी आहे. गाडी सुरू करतांच मिनिटभर लुकलुकून मग स्थिर झाला, तर बहुधा यंत्रच बिघडलें आहे. संवेदकांतील बॅटरी साधारणतः पांच ते दहा वर्षें पुरते. ती संपल्यावर फलकावर आंकडा नसणें हेंही एक उत्तरच आहे. तें 'सर्व ठीक आहे' असें मात्र नव्हे.

हें यंत्र बदल दाखविण्यांत कुशल आहे, निवाडा देण्यांत तितकें नाहीं. तेव्हां थंड चाकास दाबमापक लावण्याचें महिन्याकांठीं दहा मिनिटांचें काम त्याच्या भरंवशावर सोडून देऊं नये, इतकेंच माझें सांगणें आहे.