इथिओपिया देशाची ओळख
(ज्ञातिमंडळाच्या वार्षिक संमेलनात दिलेले व्याख्यान)



या व्यासपीठावरून प्रतिवर्षी आपण विद्वानांची भाषणे ऐकता. आम्ही विद्वान नव्हे. मॅट्रिकपर्यंत शिकलो, प्राथमिक शाळेत मुलांना भूगोल-इतिहास शिकविला आणि यथाकाल सेवानिवृत्त झालो. तेव्हा आजचे भाषण हे एका जुन्या मास्तराने उशिरा केलेला अभ्यास आहे, इतकेच समजावे.

या अभ्यासास निमित्त असे घडले. आपल्या ज्ञातीतील एका कन्येस इथिओपियातील विद्यापीठात अध्यापनाची जागा मिळाली. घरात आनंद व्हावयाचा, तो चिंताच पसरली. तिच्या मातोश्री आमच्याकडे आल्या आणि म्हणाल्या, “गुरुजी, भूगोल तुम्हीच शिकविलात. मुलीला त्या अंधाऱ्या खंडात धाडावी की नाही, हेही तुम्हीच सांगा.” आम्ही निरुत्तर झालो. कारण ‘अंधारे खंड’ हे शब्द त्या माउलीने लहानपणी आमच्याच वर्गात ऐकले होते, आणि त्यापलीकडे आम्हांसही काही ठाऊक नव्हते. आम्ही त्यांच्याकडून एक महिन्याची मुदत मागून घेतली व पुस्तके उघडली.

प्रथम भूगोल. इथिओपियाचे क्षेत्रफळ सुमारे ११ लक्ष चौरस किलोमीटर, म्हणजे महाराष्ट्राच्या साडेतीन पट. लोकसंख्या १२ कोटींहून अधिक. आफ्रिका म्हटले की आपल्यापुढे वाळवंट उभे राहते. पण या देशाचा मध्यभाग उंच पठाराचा आहे. राजधानी अदिस अबाबा महाबळेश्वराहूनही सुमारे १,००० मीटर उंचीवर वसली आहे. रास दाशेन हे सर्वोच्च शिखर ४,५०० मीटरांहून उंच, म्हणजे आपल्या कळसूबाईच्या पावणेतीन पट. याउलट ईशान्येकडील दनाकिल प्रदेश समुद्रसपाटीच्या १०० मीटरांहून अधिक खाली असून तेथे भाजून काढणारी उष्णता असते.

हे पठार सुमारे ३ कोटी वर्षांपूर्वी वाहिलेल्या लाव्हारसाचे बनले आहे. आपला सह्याद्रीही त्याच रीतीने, पण त्याहून पूर्वी घडला. म्हणूनच तेथे सपाट माथ्याचे, ताशीव कड्यांचे डोंगर दिसतात. त्यांस तेथील लोक ‘अंबा’ म्हणतात आणि पूर्वी त्यांचा उपयोग गडासारखा करीत. पाऊसही आपल्याप्रमाणेच मुख्यतः जून ते सप्टेंबर या काळात पडतो. ताना सरोवरातून निघणारी निळी नाईल हेच पाणी घेऊन सुदानात उतरते व खार्टूम येथे पांढऱ्या नाईलला मिळते. मिसर देशाला हजारो वर्षे पोसणारा पूर मुख्यतः या पठारावरील पावसाचा होता, हे आम्ही मुलांना कधीच सांगितले नाही.

आता लोकांविषयी. तेथे ८० च्या वर भाषा आहेत. अम्हारिक भाषेची लिपी पाहून आमच्यातील मास्तर हरखून गेला. डावीकडून उजवीकडे लिहिली जाणारी ही लिपी. ३३ मूळ अक्षरे आणि स्वरानुसार प्रत्येकाची सात रूपे. आपली बाराखडी, तशी त्यांची साताखडी! तेथील मुलेही ती आपल्यासारखीच तालावर घोकतात.

कालगणनाही निराळी. वर्षाचे महिने तेरा; बारा महिने तीस-तीस दिवसांचे आणि तेरावा पाच किंवा सहा दिवसांचा. नववर्ष पावसाळा सरताना, ११ सप्टेंबरच्या सुमारास सुरू होते आणि त्यांचा सन आपल्या इंग्रजी सनाहून सात-आठ वर्षे मागे असतो. घड्याळाचे तास ते सूर्योदयापासून मोजतात. आपल्या सकाळच्या सातास ते एक म्हणतात. घटका-पळांचा हिशेब जाणणाऱ्या आपल्या पंचांगकर्त्यांना यात नवल वाटू नये!

भगिनींना अन्नाविषयी ऐकावयाचे असेल. ‘तेफ’ नावाचे खसखशीएवढे बारीक धान्य दळून, पीठ आंबवून मोठ्या तव्यावर ‘इंजेरा’ घालतात. ती आपल्या आंबोळीची थोरली बहीणच. उपवासाच्या बुधवारी व शुक्रवारी ख्रिस्ती लोक मांस, दूध, अंडी वर्ज्य करतात. त्या दिवशी डाळी आणि ‘शिरो’ नावाचे, आपल्या पिठल्याच्या जातीचे कालवण होते. सर्वजण एका थाळीत जेवतात आणि आदर दाखविण्यासाठी एकमेकांस घास भरवितात. कॉफीचे मूळही याच देशातील. पाहुण्यासमोर बिया भाजून, कुटून ती तीन वेळा देतात. पहिल्या पेल्यानंतर उठून जाणे बरे दिसत नाही. आणखी एक गोष्ट ध्यानी घ्यावी. आपण जिला अस्सल गावरान म्हणतो ती नाचणी मूळची पूर्व आफ्रिकेच्या डोंगराळ भागातील. हजारो वर्षांपूर्वी ती आपल्याकडे आली आणि आपल्या भाकरीत मिसळून गेली.

धर्म व इतिहासही जुना. अक्सूमच्या एझाना राजाने चौथ्या शतकात ख्रिस्ती धर्म स्वीकारला. सुमारे एकतृतीयांश लोक मुसलमान आहेत. लालिबेला येथे अकरा चर्चे अखंड खडकातून वरून खाली कोरून काढलेली आहेत. वेरूळचे कैलास लेणे ज्याने पाहिले त्यास ते कौशल्य वेगळे सांगणे नको. १ मार्च १८९६ रोजी आडवा येथे दुसऱ्या मेनेलिक सम्राटाच्या सेनेने इटलीचा पराभव केला. पुढे १९३६ ते १९४१ इटलीने देश व्यापला खरा, पण तो कायमचा गुलाम झाला नाही. १९६० साली रोमच्या ऑलिंपिकमध्ये, त्याच इटलीच्या राजधानीत, अबेबे बिकिला अनवाणी धावून मॅरेथॉन जिंकला.

दुःखेही सांगितली पाहिजेत. १९८३ ते १९८५ च्या दुष्काळात व युद्धात लक्षावधी माणसे दगावली. उत्तरेकडील तिग्राय प्रांतात २०२० ते २०२२ भीषण युद्ध झाले. म्हणून त्या माउलीस आम्ही सांगितले की, नेमणूक कोणत्या गावी आहे आणि तेथे शांतता आहे का, याची आपल्या वकिलातीकडे अवश्य चौकशी करावी. सावधगिरी वेगळी, तिरस्कार वेगळा.

आता आमच्या अपराधाकडे येतो. या देशाचे जुने नाव हबश. तेथील माणूस तो हबशी. १५४८ च्या सुमारास तेथे जन्मलेला एक मुलगा गुलाम म्हणून विकला गेला आणि हात बदलत दख्खनेत आला. तोच मलिक अंबर. त्याने निजामशाही सावरली, मोगलांना गनिमी काव्याने जेरीस आणले, जमीनमहसुलाची व्यवस्था लाविली. त्याने वसविलेली खडकी म्हणजेच आजचे छत्रपती संभाजीनगर. १६२४ मध्ये भातवडीच्या लढाईत शहाजीराजे त्याच्या बाजूने लढले. हे सर्व आम्ही वर्गात शिकविले. आणि त्याच वर्गात एका सावळ्या, हुशार मुलास आम्ही थट्टेने ‘हबशी’ म्हणालो. वर्ग हसला. तो मुलगाही हसला. पण त्यानंतर त्याने प्रश्नाच्या उत्तरासाठी हात वर केला नाही. त्याचे कारण समजावयास आम्हांस इतकी वर्षे लागली.

ती कन्या गेली. पहिल्याच आठवड्यात “तीन वाजता या” असे सांगितल्यावरून ती दुपारी तीनला पोहोचली. सभा सकाळी नऊलाच होऊन गेली होती! सहकारी हसले, तिला कॉफीस बसविले आणि तिन्ही पेले होईपर्यंत उठू दिले नाही. हे तिच्या मातोश्रींनी आम्हांस सांगितले तेव्हा त्यांचे डोळे पाणावले होते.

शेवटी एकच विनंती. आपल्या मंडळाच्या वधू-वर सूचीत ‘गोरी’ हा शब्द आजही छापला जातो. ज्याने तो शब्द भोगला, त्या मुलाचा चेहरा आम्ही पाहिला आहे. पुढील वर्षीच्या सूचीतून तो गाळावा, असा ठराव कार्यकारी मंडळाने विचारात घ्यावा. अंधार कोणत्याही खंडात नव्हता. तो आमच्या शिकवण्यात होता.