दिवसा कामाला जाणाऱ्यांचे लंडन
(स्नेहमेळाव्यात केलेले भाषण)



आपल्या व्हॉट्सॲप ग्रुपवर दर उन्हाळ्यात एक प्रश्न हमखास येतो : "लंडनला चाललोय, काय काय बघू?" बिग बेन, टॉवर ब्रिज, मादाम तुसाँ ही यादी तुम्हाला माझ्याइतकीच पाठ आहे. म्हणून आज फक्त संध्याकाळबद्दल बोलते. तिथली बहुतेक संग्रहालये पाच ते सहाच्या दरम्यान बंद होतात. डिसेंबरात तर चारच्या आधीच सूर्य मावळतो, आणि पाहुणा हॉटेलच्या खोलीत टीव्ही लावून बसतो.

शुक्रवार असेल तर व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात जा. २०२४ साली साताऱ्याला वाघनखे आली, ती इथूनच. शुक्रवारी ते रात्री दहापर्यंत उघडे असते आणि प्रवेशाला पैसे पडत नाहीत. शाळांच्या सहली गेलेल्या असतात, दालने शांत असतात. आतल्या जुन्या, रंगीत फरशांच्या उपाहारगृहात चहा घ्या. संग्रहालयातले उपाहारगृह ही कल्पनाच जगात प्रथम इथे आली.

ही उशिरापर्यंतची वेळ पर्यटकांसाठी काढलेली नाही. १८५७ साली हे संग्रहालय साउथ केन्सिंग्टनला उघडले, तेव्हा दालनांत मुद्दाम गॅसचे दिवे लावले होते. दिवसभर राबणाऱ्या माणसाला सवड संध्याकाळीच मिळते, त्याने कधी यायचे, हा विचार त्यामागे होता. हे कळल्यावर मी लंडनच्या संध्याकाळी याच नजरेने पाहू लागले.

ग्रिनिचला थेम्स नदीखालून पायी जायचा एक बोगदा आहे, १९०२ सालचा. दक्षिणेकडच्या कामगारांना पलीकडच्या गोद्यांत चालत जाता यावे म्हणून तो खणला. रात्रंदिवस उघडा असतो. गोल जिना उतरायचा, पांढऱ्या फरशांच्या नळीतून चालायचे आणि दुसऱ्या तीरावर वर यायचे. अंधार पडल्यावर उत्तर तीरावरून ग्रिनिचच्या दिव्यांकडे पाहा. तिकीट नाही, रांग नाही.

होबर्नजवळ एका गल्लीत ग्रेशॅम कॉलेजचे छोटे सभागृह आहे. थॉमस ग्रेशॅम नावाच्या व्यापाऱ्याने मृत्युपत्रात सोय करून ठेवली आणि १५९७ पासून या कॉलेजतर्फे लंडनकरांसाठी मोफत व्याख्याने होत आली आहेत. परीक्षा नाही, पदवी नाही. ख्रिस्तोफर रेन या कॉलेजात खगोलशास्त्र शिकवत असे. त्यानेच पुढे सेंट पॉल कॅथीड्रल बांधले. त्या कॅथीड्रलला दिवसा चांगलेच महागडे तिकीट आहे, पण संध्याकाळच्या प्रार्थनेला कोणीही मोफत जाऊन बसू शकते. घुमटाखाली गायकवृंदाचे सूर घुमतात तेव्हा आपला धर्म कोणता हे कोणी विचारत नाही.

प्रिमरोज हिलजवळ किंग हेन्रीज रोडवर १० क्रमांकाचे घर आहे. १९२१-२२ मध्ये बाबासाहेब आंबेडकर तिथे राहत होते. ते घर दुपारीच पाहून घ्या, आणि मग शेजारच्या टेकडीवर चढा. दिवेलागणीला सगळे लंडन समोर पसरलेले दिसते.

आता विज्ञानाच्या तासाला आपण पाठ केलेला फॅरडे आठवा. पुस्तकबांधणीच्या दुकानात उमेदवारी करणारा गरीब घरचा मुलगा. १८१० साली लंडनमध्ये एक शिलिंग देऊन संध्याकाळची विज्ञानाची व्याख्याने ऐकता येत. त्याचे पैसे त्याचा थोरला भाऊ देई. १८१२ मध्ये त्याने रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये हम्फ्री डेव्हीची व्याख्याने ऐकली, टिपणे काढली, ती स्वतः बांधून डेव्हीला पाठवली आणि पुढच्याच वर्षी तिथे मदतनीस म्हणून लागला. पुढे त्याच संस्थेत त्याने शुक्रवारची संध्याकाळची व्याख्याने सुरू केली. ती आजही होतात. दुकान बंद झाल्यावर जायला एक दार उघडे नसते, तर आपल्या पुस्तकातला तो धडा वेगळ्याच कोणाच्या नावावर असता.

हे सगळे साहेबाचे कौतुक म्हणून सांगत नाही. त्या संग्रहालयात गॅसचे दिवे लागले त्याच्या दोन वर्षे आधी, १८५५ मध्ये, जोतिबा आणि सावित्रीबाईंनी पुण्यात शेतकरी आणि मजुरांसाठी रात्रीची शाळा काढली होती. ही कल्पना आपल्या घरचीच आहे.

आपल्या वर्गातले काही जण दहावीनंतर लगेच कामाला लागले. कोणी वडिलांच्या दुकानात, कोणी गॅरेजमध्ये. आमच्यापैकी काहींना पुढे कॉलेज मिळाले, त्यांना मिळाले नाही. हुशारीत ते कमी नव्हते, हे सर, तुम्हाला आमच्याहून जास्त ठाऊक आहे. आज त्यांची दुकाने रात्री आठला बंद होतात, आणि आपले सभागृह तर सहालाच कुलूपबंद होते.

म्हणून माझी एक सूचना आहे. महिन्यातून एका शुक्रवारी, रात्री साडेआठ ते दहा, ते सभागृह उघडे ठेवू या. आपल्यातलाच कोणी बोलेल : ज्याला ठिबक सिंचन कळते तो त्यावर, जी परिचारिका आहे ती मधुमेहावर, गॅरेजवाला विजेवर चालणाऱ्या गाड्यांवर. फी नाही, हजेरी नाही. पहिले व्याख्यान मी देईन : फोनवरून पैसे पाठवल्यावर नेमके काय घडते. त्यासाठी मी सुटी काढून येईन.

दिव्याचे बिल आणि शिपाईमामांचे जादा वेळेचे पैसे आपण वर्गणीतून देऊ. चावीबद्दल मुख्याध्यापिका बाईंशी बोलायचे आहे. त्या समोरच बसल्या आहेत, म्हणून सगळ्यांदेखतच विचारते : बाई, द्याल ना?