कुडा पांढरा, कुडा काळा

मार्गशीर्षाच्या पौर्णिमेला तापीकाठी सारंगखेड्यास एकमुखी दत्ताची यात्रा भरते. लोक तिला घोड्यांचा बाजार म्हणूनच ओळखतात. पण घोड्यांच्या रांगा ओलांडून पुढे गेले, की जमिनीवर फडके अंथरून बसलेला एखादा जडीबुटीवाला भेटतोच. अशाच एकाकडून मी एकदा कुड्याची साल घेतली. घरी येऊन तुकडा जिभेवर ठेवला, तर कडूपणा नावाला! खऱ्या सालीने तोंड असे कडू होते, की पुढचा चहा वाया जातो. विकणारा लबाड होता असे मी म्हणणार नाही. साल कुड्याचीच होती. हव्या त्या कुड्याची नव्हती, इतकेच.

कारण आपल्याकडे कुडे दोन. पांढरा कुडा, म्हणजे संस्कृतातला कुटज, हा औषधाचा. काळा कुडा निराळा. फुले दोघांची पांढरी, पान तोडले तर चीक दोघांतून येतो, आणि वाळलेल्या सालीचे तुकडे ढिगात मिसळले तर माझ्यासारख्या भाषेच्या मास्तराने काय ओळखावे? काळा कुडाही गुणी झाड आहे बरं का. त्याच्या पानांत नीळ असते, लाकडाची खेळणी कर्नाटकात चन्नपट्टणला होतात. पण आमांशाला पांढऱ्याचीच साल हवी.

चरकाने रक्तासह होणारी हगवण थांबवणाऱ्या द्रव्यांत कुटजाच्या सालीला श्रेष्ठ म्हटले आहे. वैद्य आजही कुटजारिष्ट देतात. त्यात सालीबरोबर मनुका, मोहाची फुले, धायटीची फुले आणि गूळ घालून ते आंबवतात. बी म्हणजे इंद्रजव. युरोपातही ही साल गेली होती, पण गठ्ठ्यांत काळ्या कुड्याची भेसळ होऊ लागली, गुण येईना, आणि नाव बद्दू झाले ते चांगल्या झाडाचे! पुढे १८५८ साली मुंबईत हेन्स यांनी सालीतून कोनेसीन हे द्रव्य वेगळे काढले. १९२०च्या दशकात कलकत्त्यास डॉ. रामनाथ चोप्रा यांनी या सालीचा शास्त्रीय अभ्यास केला.

मौज अशी, की या कुड्याचा एक सख्खा भाऊ पश्चिम आफ्रिकेच्या रानांत आहे. तिथले लोकही त्याची साल हगवणीला आणि तापाला वापरत आले. ना त्यांनी चरक वाचला, ना आपण त्यांना पाहिले. त्या भावाच्या सालीतही कोनेसीनच निघाले. १९५०च्या सुमारास फ्रेंच डॉक्टरांनी ते शुद्ध स्वरूपात रोग्यांना दिले. अमीबा मरत, पण काही रोग्यांची झोप उडे, चक्कर येई, मन भ्रमिष्ट होई. १९६६ पासून आमांशावर मेट्रोनिडॅझोल वापरात आले आणि कोनेसीन मागे पडले. तेव्हा ‘झाडपाल्याने अपाय होत नाही’ हे वाक्य मला तरी पटत नाही.

आता जरा घरातले बोलू. लहान मूल पातळ हगू लागले, की आजीबाई साल उगाळायला बसतात. त्यांच्या मायेविषयी शंका नाही. पण पोराचा जीव जातो तो बहुधा अंगातले पाणी आणि क्षार निघून गेल्याने. ते साल भरून देत नाही. १९७१ साली बनगावच्या निर्वासित छावणीत डॉ. दिलीप महालनोबिस यांनी मीठसाखरेच्या पाण्यावर कितीतरी कॉलऱ्याचे रोगी वाचवले. एक लिटर स्वच्छ पाणी, सहा सपाट चहाचे चमचे साखर, अर्धा सपाट चमचा मीठ. हे आधी, घोट घोट, वरचेवर. अंगावरचे दूधही चालूच ठेवा. शौचात रक्त दिसले, मूल मलूल पडले, डोळे खोल गेले, तर उगाळण्यात वेळ न घालवता दवाखाना गाठावा.

आणि वैद्यांच्या सांगण्यावरून कुडा घ्यायचाच असेल, तर झाड पाहून घ्या. पांढऱ्याच्या लांब शेंगा जोडीने लोंबतात, पण टोके सुटी असतात. काळ्याच्या जोडशेंगा कोवळ्या असताना टोकाशी चिकटलेल्या असतात. बी चाखले तर पांढऱ्याचे कडूजहर. काळ्याचे तसे नसते, म्हणून त्याला गोडे इंद्रजव म्हणतात. साल काढणाऱ्यालाही एक विचारावे, बुंध्याभोवती पुरे कडे तर सोलले नाही ना? तसे सोललेले झाड वाळून जाते, आणि पुढच्या यात्रेला फडक्यावर काळ्याच कुड्याची साल येते.