बाळाचा ‘सलाम’ आणि घरातील मौल्यवान आठवडे



बालकांच्या मेंदूच्या विकारांचा विषय फार विस्तृत आहे. त्यातील प्रत्येकाचा परामर्श एका व्याख्यानात घेणे शक्य नाही. म्हणून आज एकाच विकाराकडे विशेष लक्ष वेधायचे आहे. तो क्वचित आढळतो. परंतु ज्या घरात तो येतो, तेथे तो ओळखायला लागणारा विलंब बाळाच्या बुद्धीला भोवतो.

इ. स. १८४१ मध्ये इंग्लंडमधील विल्यम जेम्स वेस्ट नावाच्या डॉक्टरांनी ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाला एक पत्र लिहिले. पत्रातील रुग्ण त्यांचाच तान्हा मुलगा होता. सुमारे चार महिन्यांचा असताना त्याची मान मधूनमधून किंचित पुढे झुकू लागली. पुढे हे झुकणे वाढले. एका वेळी दहा-वीस वेळा डोके गुडघ्यांकडे जाई आणि पुन्हा सरळ होई. त्याच सुमारास बाळाचे हसणे गेले, भोवतालची दखल घेणे थांबले. जळवा लावून झाल्या, अफू देऊन झाली. गुण आला नाही. लंडनच्या एका नामवंत वैद्याने या झटक्यांना ‘सलाम’ची उपमा दिली. अन्य कोणाला यावरचा उपाय ठाऊक असेल तर कळवावा, अशा आर्ततेने एका पित्याने ते पत्र लिहिले होते. त्या काळी उपाय कोणाजवळच नव्हता. मुलाची बुद्धी वाढली नाही आणि विशीच्या आसपास त्याचा अंत झाला. आज हा विकार ‘वेस्ट सिंड्रोम’ याच नावाने ओळखला जातो.

आपल्या घरांतून हे दृश्य दिसते तेव्हा काय घडते? बाळ झोपेतून उठते, हात फाकवते, मान व कंबर वाकवते आणि रडते. घरातील वडीलधारी मंडळी म्हणतात, ‘पोटात कळ आली असेल, ओवा-हिंग लावा.’ कोणी म्हणते, ‘दचकतंय, दृष्ट काढा.’ यात त्यांचा दोष नाही. पोटदुखी शंभर बाळांना होते, हा विकार क्वचित एखाद्याला. कित्येकदा प्रथम पाहणाऱ्या डॉक्टरांचाही असाच समज होतो, कारण तपासणीच्या वेळी बाळ शांत असते. असे होता होता आठवडे जातात, कधी महिनेही.

मग फरक ओळखावा कसा? निरोगी बाळ दचकते ते आवाजाने वा धक्क्याने, आणि एकदाच. हे झटके मात्र मालिकेने येतात. एक झटका, काही सेकंदांची उसंत, पुन्हा तसाच झटका. झोपेतून जाग येण्याची वेळ ही त्यांची आवडती वेळ. वय बहुधा तीन महिने ते एक वर्ष. आणि सर्वांत महत्त्वाची खूण म्हणजे बाळ मागे जाऊ लागते. आईकडे पाहून हसणारे बाळ हसेनासे होते, मान धरणारे मान टाकते. ही खूण आईइतकी लवकर दुसऱ्या कोणालाही कळत नाही; तिच्या शंकेला घरात ‘उगाच काळजी करतेस’ असे उत्तर मिळू नये.

असे दिसताच मोबाइलवर त्याचे चित्रीकरण करावे. कपडे सैल करून, उजेडात, संपूर्ण शरीर दिसेल असे. लांबलचक वर्णनापेक्षा दोन मिनिटांचे चित्रीकरण तज्ज्ञाला अधिक सांगते. त्यानंतरची तपासणी ईईजीची, म्हणजे मेंदूतील विद्युत लहरींच्या आलेखाची. बाळाला सुई टोचावी लागत नाही, शॉकही दिला जात नाही. डोक्याला तारा चिकटवून केवळ नोंद घेतली जाते. ती झोपेत आणि जाग येताना घेणे आवश्यक असते. या विकारात तो आलेख विशिष्ट प्रकारे अस्ताव्यस्त दिसतो. पुढे एमआरआय करून कारण शोधतात. अंगावर पानासारखे फिकट डाग असतील तर तेही दाखवावेत. त्यावरून औषधाची निवड बदलते.

कारणांपैकी एक येथे मुद्दाम सांगितले पाहिजे. जन्मानंतरच्या पहिल्या दोन-तीन दिवसांत बाळाच्या रक्तातील साखर फार घसरली, तर मेंदूच्या मागील भागाला इजा होते. आपल्या देशात या विकाराचे हे मोठे कारण आहे, आणि ते बहुतांशी टाळता येते. जन्मल्यावर पहिल्या तासात आईचे दूध, नंतर वारंवार दूध, आणि वजन कमी असलेल्या बाळाच्या साखरेची तपासणी एवढ्याने बरेच साधते. मध चाटवण्याच्या प्रथेने मात्र पहिले दूध लांबते, आणि एक वर्षाआतील बाळाला मध देणे धोक्याचेही आहे.

उपचार आता आहेत. १९५८ पासून एसीटीएच या संप्रेरकाची इंजेक्शने वापरात आहेत. प्रेडनिसोलोन हे स्टिरॉइड तोंडाने मोठ्या मात्रेत देतात. ते स्वस्त आहे आणि तालुक्याच्या गावीही मिळते. तिसरे व्हिगाबॅट्रिन; फिकट डागांच्या त्या विकारात प्रथम तेच. ‘स्टिरॉइड’ हा शब्द ऐकताच अनेक कुटुंबे बिचकतात. रक्तदाब वाढणे, जंतुसंसर्ग, चिडचिड हे धोके खरेच आहेत, म्हणूनच बाळाची वारंवार तपासणी होते व काही लसी पुढे ढकलल्या जातात. परंतु हा औषधोपचार काही आठवड्यांचा असतो. अधिक भीती वाटायला हवी ती उशिराची. व्हिगाबॅट्रिनने कडेची दृष्टी कमी होऊ शकते, त्यामुळे तेही आवश्यक तेवढाच काळ देतात. कोणतेही औषध स्वतःच्या मनाने थांबवू नये.

झटके थांबले म्हणजे सर्व काही पूर्ववत झाले, असे प्रत्येक बाळाच्या बाबतीत होत नाही, हे मातापित्यांना प्रामाणिकपणे सांगणे वैद्याचे कर्तव्य आहे. निकाल मुख्यतः मूळ कारणावर अवलंबून असतो. कारण सापडत नाही आणि बाळ आधी व्यवस्थित वाढत होते, तेथे वेळेवर उपचार झाल्यास आशा अधिक.

आकडीचे इतर सर्वच प्रकार इतके गंभीर नसतात. सहा महिने ते पाच वर्षे या वयात केवळ तापामुळे येणारी साधी आकडी घाबरवते खरी, पण बुद्धीला सहसा बाधा करत नाही. मोठ्या मुलाला झटका आल्यास त्याला कुशीवर वळवावे, तोंडात चमचा वा बोट घालू नये, कांदा-चप्पल हुंगवू नये. पाच मिनिटांत थांबला नाही तर थेट रुग्णालय गाठावे. चरकसंहितेनेही अपस्माराचे दोषानुसार प्रकार सांगून त्यावर चिकित्सा दिली आहे. तो लपवण्याचा विषय नाही. विवाह कायद्यात मात्र १९९९ च्या दुरुस्तीपर्यंत त्याचा अडसर म्हणून उल्लेख होता.

२०१३ पासून राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची पथके अंगणवाड्यांत येऊन बालकांची तपासणी करतात, आणि पुढील उपचारांसाठी जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्रांची योजना आहे. अंगणवाडी सेविकेला वर सांगितलेली मालिकेची व मागे पडण्याची खूण माहीत असेल, तर तिने पथकाच्या पुढील फेरीची वाट पाहू नये. बाळाला त्याच आठवड्यात जिल्हा रुग्णालयात पाठवावे. झटके थांबल्यावरही बाळाची दृष्टी आणि श्रवण तपासून घ्यावे व फिजिओथेरपी त्याच महिन्यात सुरू करावी.