प्रवासातील अडचण
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



मी सातवी शिकलेली, घर सांभाळणारी बाई. प्रवासात बाईने लघवीला कोठे जावे, हा माझा विषय. तो ऐकून मागे खुसखुस झाली, ती मला ऐकू आली. हसा, पण ऐका.

17 मार्च 2023 पासून आपल्याला एस.टी.त अर्धे तिकीट झाले. माहेरी, लग्नाला, अमरावतीच्या दवाखान्यात आपण आता सहज निघतो. पण निघण्याआधी पाण्याचा तांब्या बाजूला सारायचा, हा नेम काही सुटला नाही. आपल्या वऱ्हाडच्या वैशाखातल्या उन्हात बाई घोटभर पाण्यावर दिवस काढते. मग उन्हाळी लागते, ओटीपोट दुखते, आणि घरी विचारले तर "ऊन बाधलं" म्हणून सांगते. जिला साखरेचा आजार आहे, दिवस गेले आहेत किंवा पाळी आली आहे, तिचे काय होत असेल ते तुम्हीच जाणा. मागे एका गावच्या स्टँडवर पुरुष फुकट आत जात होते आणि आम्हा बायकांकडून पाच पाच रुपये घेतले. पैसे देऊनही आत ना कडी, ना पाणी. नणंद बाहेरून दार धरून उभी राहिली तेव्हा माझे काम झाले. एकट्या बाईने दार कोणाला धरायला सांगावे?

मुंबईच्या बायकांनी 2011 साली याच गोष्टीवर चळवळ उभारली. 'राइट टू पी' तिचे नाव. पुरुषांना फुकट, मग बायकांना पैसे का, एवढाच त्यांचा प्रश्न. पुण्याच्या विद्या बाळ यांच्या 'मिळून साऱ्याजणी'ने हे गाऱ्हाणे उच्च न्यायालयात नेले. बायकांसाठी स्वच्छ आणि सुरक्षित स्वच्छतागृहे बांधा, असे न्यायालयाने डिसेंबर 2015 मध्ये महापालिकांना बजावले. महापालिकांना, बरे का! आपल्याकडे आहे नगरपरिषद, तेव्हा आपल्यासाठी आपणच बोलायला हवे.

परदेशात सगळी सोय असते, असे आपल्याला वाटते. पण हॉलंडातल्या ॲमस्टरडॅम शहरात 2015 साली एक तरुणी रात्री नाइलाजाने उघड्यावर बसली, तर तिला दंड झाला. 2017 मध्ये न्यायाधीश म्हणाले, पुरुषांची मुतारी वापरायची होती! त्या शहरात तेव्हा पुरुषांच्या 35 मुताऱ्या आणि बायकांना चालतील अशा अवघ्या 3. त्यावर तिथल्या बायका गप्प बसल्या नाहीत. लंडनच्या मोठ्या रेल्वे स्टेशनांवर मात्र 2019 पासून पैसे घेणे बंद झाले आहे.

आता हिवाळ्यात बहिरमची जत्रा भरेल. लेकीसुना, म्हाताऱ्या दिवसदिवस तिथे असतात. त्याआधी द्यायचा अर्ज मी लिहून आणला आहे. लघवीचे पैसे नकोत, आतून कडी हवी, पाणी हवे, कपडा टाकायला झाकणाचा डबा हवा, आणि रात्री दिवा हवा. त्याची एक प्रत एस.टी.च्या आगारात, एक नगरपरिषदेत द्यायची. कागद चहाच्या टेबलावर आहे. सही येत नसेल त्यांनी अंगठा करावा. आणि ज्या म्हणतील, "घरी विचारून सांगते," त्यांच्याकडे उद्या दुपारी कागद घेऊन मीच येते.