लायसन कशाचं, बाई?



अध्यक्षाने आधी आभार मानायचे असतात, ते मानते. पण आजची सभा सव्वा तास उशिरा सुरू झाली, त्याचं कारणही सांगून टाकते. तुमच्यापैकी निम्म्या जणी आपलं लेकरू कोणाजवळ ठेवावं या पंचायतीत होत्या. पाळणाघर चालवणाऱ्या बायांची परिषद, आणि परिषदेला पाळणाघर नाही! शेवटी मागच्या खोलीत दोन चादरी अंथरल्या. तिथे आता सोळा लेकरं आहेत आणि त्यांच्यापाशी दोघी जणी. त्या दोघींना माझं भाषण ऐकू येत नाही. सोळाला दोन, हा हिशोब ध्यानात ठेवा. मला तो पुढे लागणार आहे.

मी 1994 साली अमरावतीला साईनगरात, घराच्या पुढच्या दोन खोल्यांत लेकरं सांभाळायला घेतली. पहिली तीन शिक्षिकांची, चौथं एका नर्सबाईचं. महिनाभराने मनात आलं, हे रीतसर असावं. माझे वडील किराणा दुकानदार, परवाना भिंतीवर काचेत लावायची आमच्या घरची सवय. म्हणून एका सरकारी कचेरीत गेले. टेबलामागचे काका चांगल्या स्वभावाचे होते. त्यांनी मला बसवलं, पाणी दिलं आणि म्हणाले, “लायसन? कायचं लायसन, बाई? लेकरं सांभाळाले काय लायसन लागते?” त्यांनी मला दुसऱ्या कचेरीत पाठवलं, दुसरीने तिसरीत. तिसरीत विचारलं, “माल काय विकता?”

मी हसत घरी आले. आता ते हसू येत नाही.

यंदा याच नांदगाव पेठेतल्या एका सुनेने पाळणाघर काढायचं ठरवलं. तिच्यासोबत मी तीन महिने फिरले. तिने जमा केलेली फाइल माझ्यासमोर आहे. ग्रामपंचायतीचा ना-हरकत दाखला. घराचा नमुना आठ-अ आणि टॅक्सची पावती. गुमास्ता, म्हणजे 2017 च्या दुकाने व आस्थापना कायद्याखालची नुसती सूचना, कारण दहाच्या आत माणसं असली तर नोंदणीही लागत नाही. खिचडी शिजवणार म्हणून अन्न सुरक्षेची नोंदणी. वीज मीटर घरगुती की व्यापारी, त्याचा महावितरणशी पत्रव्यवहार. मदतनीस बाईचा पोलिसांकडचा चारित्र्याचा दाखला. आग विझवायच्या सिलिंडरची पावती.

एकेक कागद काढून बघा. एक सांगतो घर कोणाचं आहे, एक सांगतो धंदा चालू आहे, एक स्वयंपाकघरापुरता, एक विजेपुरता. सात कागदांत लेकरू कुठेच नाही. किती लेकरं ठेवणार, कोणत्या वयाची, त्यांना किती हात, हे तिला एकाही खिडकीवर कोणी विचारलं नाही. आपल्याकडे 2015 पासून लोकसेवा हक्क कायदा आहे. दाखला ठरल्या दिवसांत मिळाला नाही तर अपील करता येतं. पण जो दाखलाच यादीत नाही, त्याच्या उशिराची तक्रार कोण घेणार? आपली मोठी अडचण उशीर नाही. आपल्याला उशीरसुद्धा होत नाही.

मग कायद्याला पाळणाघर माहीतच नाही का? चांगलं माहीत आहे. मुंबईच्या गिरण्यांत बाया कामाला जाताना तान्ह्याला अफूची गोळी देऊन निजवायच्या. बाळागोळी म्हणत तिला. कामगारांची स्थिती तपासणाऱ्या व्हिटले कमिशनने 1931 च्या अहवालात गिरण्यांमध्ये पाळणाघरांचा आग्रह धरला. 1934 च्या कारखाना कायद्याने पन्नासवर बाया असतील तिथे लेकरांसाठी खोली ठेवायला लावण्याचा अधिकार प्रांतांना दिला. 1948 चा कायदा आला, त्यात कलम 48 हेच पाळणाघराचं. पुढे 1976 ला पन्नासाचा आकडा तीसवर आणला. विडी कारखाने, खाणी, चहाचे मळे, बांधकामं, प्रत्येकासाठी कुठे ना कुठे पाळणाघराचं कलम होतं. 2005 च्या रोजगार हमी कायद्यातसुद्धा होतं, की कामावर पाच वर्षांखालची पाच लेकरं आली तर एका बाईने ती सांभाळायची आणि तिला तीच मजुरी द्यायची. मातीचं घमेलं उचलणं आणि लेकरू उचलणं, दोन्हीला सारखा दाम. इतकं रास्त वाक्य मला दुसऱ्या कायद्यात भेटलं नाही.

पण या सगळ्या कलमांचं तोंड मालकाकडे आहे. मालकाने खोली द्यावी. त्या खोलीत बसणारी बाई कोण, आणि जिथे मालकच नाही तिथे काय, यावर कायदा गप्प. ज्या 1948 साली आपला कारखाना कायदा झाला, त्याच साली इंग्लंडमध्ये पाळणाघरांच्या आणि स्वतःच्या घरी दुसऱ्याची लेकरं सांभाळणाऱ्या बायांच्या नोंदणीचा कायदा झाला. त्यांनी घरातली बाई पाहिली, आपण कारखान्यातली खोली पाहिली. आपण पाहिलं ते चूक नव्हतं, पण अर्धंच होतं.

त्या अर्ध्याची गोष्ट या गावात बसून सांगायला हवी. पंचवीस-तीस वर्षांपूर्वी इथे हायवेवर उतरलं की दोन्हीकडे कपाशी आणि तूर दिसायची. आज एमआयडीसी आहे, कापडाच्या आणि सुताच्या गिरण्या आहेत, वीज केंद्राची धुराडी आहेत. 20 सप्टेंबर 2024 ला पीएम मित्र टेक्स्टाइल पार्कचं भूमिपूजन झालं, वर्ध्याहून. शिलाईच्या मशिनीवर बसायला बायाच लागणार, हे सगळे जाणतात. आणि तीसचा आकडा मालकांना किती पाठ होता, तेही इथल्या बाया जाणतात. एका मुकादमाने मला तोंडावर सांगितलं, “बाई, तिसाच्या वर बाया झाल्या का मंग खोली द्या लागते. म्हणून इथं तीस, बाकीच्या ठेकेदाराच्या हजेरीपटावर.” म्हणजे बाईच्या सोयीसाठी केलेलं कलम तिलाच दाराबाहेर ठेवायच्या कामी आलं.

ही खोड 2017 च्या मातृत्व लाभ दुरुस्तीने काढली. पन्नास कर्मचारी, मग ते बाप्ये असोत की बाया. आईला दिवसातून चार वेळा लेकराकडे जायची मुभा. तोच पन्नासाचा नियम सामाजिक सुरक्षा संहितेत गेला आणि ती संहिता 21 नोव्हेंबर 2025 पासून लागू झाली. चांगलं झालं. मालकाला पाळणाघर बाहेरून चालवून घेता येतं, चार आस्थापनांना मिळून एक काढता येतं. याचा अर्थ लक्षात घ्या, बायांनो. ही पाळणाघरं उद्या आपल्याला चालवायला मिळणार. नाही मिळाली तर पुण्या-मुंबईच्या साखळीवाल्या कंपन्यांना मिळणार, कारण त्यांच्याकडे फाइल आहे.

सरकारची ‘पाळणा’ योजनाही आहे, अंगणवाडीलाच पाळणाघर जोडायची. एका केंद्रात पंचवीस लेकरं, दिवसाचे साडेसात तास, महिन्याचे सव्वीस दिवस. योजना करणाऱ्यांच्या हेतूबद्दल मला शंका नाही. पण गिरणीची पाळी आठ तासांची, अन् ऑटोची वाट पाहणं वेगळं. आधीचा अर्धा तास आणि नंतरचा एक तास ते लेकरू कुठे असतं, हे विचारायला कोणी आलं नाही. ते आपल्या ओट्यावर असतं.

आता थोडं आडवळण. ताराबाई मोडकांचं नाव आपण कोसबाडशी जोडतो. पण लग्न होऊन त्या आल्या अमरावतीला, वकिलाच्या घरी. संसार इथे मोडला, मग राजकोट, भावनगर, दादर, 1945 ला बोर्डी आणि 1957 ला कोसबाड. अनुताई वाघांना सोबत घेऊन त्यांनी जी विकासवाडी उभी केली, तिच्यात पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकाच आवारात होत्या. कारण साधं. आदिवासी पाड्यावरची आठ वर्षांची पोरगी शाळेत येत नसे, कारण तिच्या कडेवर धाकटा भाऊ असे. भाऊ पाळण्यात पडला की बहीण पाटीवर. अंगणवाडी हा शब्द ताराबाईंचा. सरकारने तो घेतला आणि देशभर नेला. त्या आवारातलं पाळणाघर मात्र मागेच राहिलं. मला याचं वाईट वाटतं आणि अमरावतीकर म्हणून थोडी लाजही वाटते.

2016 च्या नोव्हेंबरात खारघरच्या एका पाळणाघरात दहा महिन्यांच्या बाळाला मारहाण झाली. कॅमेऱ्यातलं ते चित्र घरोघरी पोचलं. नियम करण्याची भाषा झाली. आठ दिवस आपल्या सगळ्यांकडे आयांनी संशयाने पाहिलं, मग नोकऱ्या होत्या, लेकरं परत आली. 2024 च्या ऑगस्टमध्ये बदलापुरात लहान मुलींवरच्या अत्याचाराचं प्रकरण झालं, ते शाळेतलं, पण हादरा आपल्यालाही बसला. शिक्षेची कलमं आहेतच. बाल न्याय कायद्याचं कलम 75 म्हणतं, ज्या संस्थेवर लेकराची भिस्त आहे तिथल्या माणसाने क्रूरपणा केला तर पाच वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि पाच लाखांपर्यंत दंड. म्हणजे लेकराला मारल्यावर काय, ते लिहिलेलं आहे. ते लेकरू हातात घेण्याआधी काय, ते लिहिलेलं नाही.

म्हणून आज या परिषदेत आपण परवाना मागतो आहोत. काही जणींनी मला सकाळी टोकलं, “काहून ओढवून घेता, माय? परवाना आला का साहेब येते, साहेब आला का पाकीट.” ही भीती खोटी नाही. माझी भीती आणखी वेगळी आहे. परवाना जर शहरातल्या एसी पाळणाघराकडे बघून लिहिला, रंगीत भिंती, कॅमेरे, घसरगुंडी, तर ओट्यावरचं पाळणाघर बंद पडेल आणि लेकरू पुन्हा आठ वर्षांच्या ताईच्या कडेवर जाईल.

त्यामुळे कोणता परवाना, हे आपणच लिहून द्यायचं. केंद्राच्या महिला व बालविकास मंत्रालयाने 2018 ला किमान मार्गदर्शक सूचना काढल्या आहेत: लेकरामागे दहा ते बारा चौरस फूट जागा, तीन वर्षांखालच्या दहा लेकरांमागे एक बाई, त्यावरच्या वीसमागे एक. जागेचं मला मान्य आहे. दहाला एक मात्र मान्य नाही. दहा तान्ही एका बाईने सांभाळून दाखवावीत, मी माझी खुर्ची सोडते. इंग्लंडात दोन वर्षांखालच्या तिघांमागे एक माणूस असतो. ते आपल्याला परवडणार नाही, हे मला कळतं. पण चालायला न लागलेल्या लेकरांत पाचाला एक, हे पहिलं कलम असावं, आणि ते पाळता यावं म्हणून मदतनीस बाईच्या पगाराचा वाटा मालकाने किंवा सरकारने उचलावा, हे दुसरं. आग लागली तर दोन हात दोनच लेकरं उचलतात. त्या हिशोबाला सिलिंडरची पावती पुरत नाही.

तिसरं कलम माझ्या स्वतःच्या चुकीतून आलेलं आहे. 1999 साली संध्याकाळी एक तरुण आला. चार वर्षांची पोरगी “मामा, मामा” करत त्याला बिलगली आणि मी तिला जाऊ दिलं. मामा सख्खाच होता. पण घरात नवरा-बायकोचं फाटलेलं होतं आणि आई सहाला दारात उभी. पोरगी रात्री नऊला सापडली, बडनेऱ्याला, धडधाकट, हातात कुरमुऱ्यांचा पुडा. त्या तीन तासांत ती माय माझ्याशी एक शब्दही बोलली नाही. दुसऱ्या दिवसापासून माझ्याकडे दोनशे पानी वही आहे. लेकरू कोणी आणलं, कोण नेणार, किती वाजता, सही किंवा अंगठा. अशी वही हवीच, हे ते तिसरं कलम. आज सव्वीस वह्या झाल्या. एकाही तपासणी अधिकाऱ्याने त्या पाहिलेल्या नाहीत, कारण तपासणीच झालेली नाही.

अर्जाचा कच्चा मसुदा दारापाशी टेबलावर ठेवला आहे. दोनच पानं आहेत, मराठीत आहेत, आणि मुद्दामच मालमत्तेचा रकाना शेवटी टाकला आहे. पहिला रकाना वयवार लेकरांचा, दुसरा त्यांना सांभाळणाऱ्या हातांचा. जिथे खटकेल तिथे पेनाने खोडा, समासात लिहा. लिहिता येत नसेल तिने शेजारणीला सांगावं. दुपारच्या सत्रात आपण तो नक्की करू आणि जिल्हा महिला व बालविकास कार्यालयात सगळ्या मिळून देऊन येऊ.

जेवायला उठण्याआधी मागच्या खोलीत आणखी दोघी जणी जा. सोळाला चार होतील. तिथल्या दोघी सकाळपासून उठलेल्या नाहीत, त्यांना आधी वाढा.